माहेरचं वेगळं ताट

आमचं घर गव्हानं चालवलं. बाबा गेले तेव्हा मी नववीत होते आणि भाऊ सहावीत. आईनं वस्तीच्या तोंडाशी टिनाच्या शेडखाली दोन चुली मांडल्या, त्यांवर दोन मटके पालथे घातले आणि लंबी रोटी विकायला बसली. नागपूरबाहेरच्या माणसाला ही रोटी समजावून सांगावी लागते. लोकवन गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करायचं, सैल भिजवायचं आणि परातीत आपटून आपटून असं मळायचं की त्याला तार सुटली पाहिजे. मग गोळा दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि तापलेल्या मटक्यावर पसरून टाकायचा. रोटी अशी पातळ की तिच्यातून चुलीचा जाळ दिसावा. आईची रोटी फाटत नसे. शेजारच्या शेडमधल्या बाईची फाटली की आई तोंडानं काही म्हणायची नाही, पण तिच्या भुवया सगळं बोलायच्या.

त्या रोट्यांवर मी बी.कॉम. झाले, सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागले, माझं लग्न झालं, भावाचं झालं. आणि अडतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी मला सांगितलं की गहू माझा शत्रू आहे.

त्याआधीची चार वर्षं मी पोट धरून काढली. खाल्लं की फुगायचं, दिवसातून चारदा पळावं लागायचं, रक्त कमी, केस गळतात, जिना चढला की धाप. एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी जंताच्या. तिसरे म्हणाले, टेन्शन आहे. टेन्शन कोणाला नसतं हो? आमच्या कार्यालयात साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना आहे, त्यातलं कोणी असं वाळलेलं मी पाहिलं नाही. ऑफिसातल्या बायकांना मात्र माझा हेवा वाटायचा. "डाएट सांग ना," म्हणायच्या. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक वेगळी तपासणी करायला लावली, मग घशातून दुर्बीण घातली आणि आजाराचं नाव सांगितलं: सिलिअ‍ॅक. कणकेला जी तार सुटते ना, ती ज्यामुळे सुटते तेच माझ्या आतड्याला सोसत नाही. आतड्याच्या आतली लव त्यानं झडून जाते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध काही नाही. गहू, मैदा, रवा, सातू, शेवया, बिस्किट, ब्रेड सगळं बंद. आज नाही, या महिन्यात नाही, कायमचं.

आईची ज्या गोष्टीसाठी ख्याती, तीच नेमकी मला बाधावी, हे ऐकून मला आधी हसू आलं. मग दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी रडले. आणि रडून झाल्यावर ठरवलं की आता हे नीट करायचं, अर्धवट नाही.

माझ्या स्वतःच्या घरी मी आठ दिवसांत सफाई केली. नवरा गरीब माणूस, म्हणजे स्वभावानं. त्यानं ब्रेड सोडला आणि "मला भात आवडतोच" असं तोंड वाकडं न करता म्हणाला. पिठाच्या गिरणीत ज्वारी दळायला दिली की तिच्या आधीचा गहू त्याच दगडांत असतो, हे लक्षात आल्यावर मी एक घरघंटी घेतली आणि तिच्यात ज्वारी-तांदळाशिवाय दाणा पडू दिला नाही. तरी दोन आठवड्यांनी पोट पुन्हा बिघडलं. मी स्वयंपाकघरातली एकूण एक पुडी चष्मा लावून वाचून काढली. सापडलं कुठे? हिंगाच्या डबीत. हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि मी रोज वरणाला फोडणी देत होते. त्या दिवसापासून मी कोणाच्याही घरी जेवायच्या आधी हिंगाची डबी मागते. लोक माझ्याकडे पोलीस आल्यासारखं बघतात. बघू देत.

लग्नांत तर विचारू नका. "एक पुरी खाल्ल्यानं काय होते?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी उत्तरच देत नाही, सरळ विचारते, "धुवायले तुम्ही येता काय?" मग कोणी आग्रह करत नाही.

पण आईला असं म्हणता येत नव्हतं. खरी लढाई तिथेच होती. ज्या घरात समोरच्या खोलीत रोज दहा-बारा किलो कणीक मळली जाते, त्या घरात मी जेवायचं कसं? आणि जेवायचं नाही, तर मग ते माहेर कसलं? पाण्याचा ग्लास पिऊन परत जायला मी काय विम्याचा हप्ता मागायला आलेली बाई होते?

आईला पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू आता भाकर खाशील?"

"हो. ज्वारीची. नाहीतर भात."

"आमच्या लहानपणी गहू पाहाले भेटत नव्हता. सणालेच पोळी. तुमाले त्या ज्वारीतून काढाले मी एवढी मेली चुलीपुढं, अन् तो डॉक्टर तुले परत तिथंच धाडते!" तिला डॉक्टरचा राग आला होता. डॉक्टरीणबाई आहे, हे मी सांगितल्यावर आणखीच आला.

मी माझ्या परीनं व्यवस्था केली. एक नवं ताट, दोन वाट्या, ग्लास, कढई, तवा, उलथणं असा सगळा संच घेतला, प्रत्येकाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि आईच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर वेगळा मांडून ठेवला. "हे फक्त माझं. हे कोणी वापरायचं नाही आणि दुसऱ्या भांड्यांसोबत घासायचं नाही," असं भावाला, भावजयीला आणि दोन्ही भाचरांना बजावलं. भाचरांनी माना डोलावल्या. आई चुलीचं लाकूड फोडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

त्या रविवारी मी जेवले. भाकरी, वांग्याची भाजी, भात. मन कसं निवलं म्हणून सांगू. सोमवारी पहाटेपासून तीन दिवस मी अंथरुणात. पुढच्या रविवारी तसंच. तिसऱ्या आठवड्यात मी न सांगता शनिवारीच गेले. पाहते तर माझ्या ठिपक्याच्या ताटात भाचा पोळीचा कुस्करा खात होता आणि माझ्या कढईत शिरा होता.

मी भावजयीवर ओरडले. ती बिचारी म्हणाली, "ताई, मी काहून वापरीन? आईनंच काढून देल्ले. रोज देतात."

रोज! म्हणजे चूक नव्हती. आई मुद्दाम ती भांडी सगळ्यांच्या भांड्यांत मिसळत होती. मी शेडवर गेले. मटके अजून तापायचे होते, गिऱ्हाईक नव्हतं. मी विचारलं, "आई, काहून असं करतं? तुले मले मारायचं आहे काय?"

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि बसल्या जागेवरून बोलली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी दहा वर्षांची असन. नरखेडकडं आमचं गाव. मायसंगं संत्र्याच्या तोडणीले जात होती. दुपारी मालकीण भाकर द्याची. आमच्या ताटल्या गोठ्याच्या वळचणीले खोचून राहत. जर्मनच्या पत्र्याच्या. घरातल्या ताटांत मिसळू नाही म्हणून त्याच्या बुडाले चुन्याचा ठिपका. आम्हीच काढायच्या, आम्हीच धुवायच्या, आम्हीच खोचायच्या." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू ठिपका देऊन गेली अन् मले रातभर झोप नाही आली वं. माह्या घरात, माह्या फळीवर, माह्या पोरीचं वेगळं ताट?"

माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव त्यांनी नदीत सोडले, मुलीला शाळेत घातलं. पण बागवाल्याच्या गोठ्यातली ताटली काही त्यामुळे बदलली नव्हती. ही गोष्ट आईनं आम्हाला कधीच सांगितली नव्हती. आमच्या घरी कोणीही आलं, प्लंबर असो की मास्तर, त्याला घरच्याच कपात चहा मिळायचा आणि तो कप घरच्याच कपांत घासला जायचा. मला ते आईचं अघळपघळ वागणं वाटायचं. तो तिचा नियम होता, हे मला अडतिसाव्या वर्षी, म्हणजे त्या दिवशी, कळलं.

समजलं म्हणून राग गेला, असं मात्र झालं नाही. उलट मी जास्तच चिडले, कारण ती खोटी नव्हती आणि मीही नव्हते. मी म्हणाले, "मंग तुह्या मानापायी मी मरू काय?" तिनं कणकेवरचं ओलं फडकं सारखं केलं आणि म्हणाली, "गिऱ्हाईक येऊन राहिले. बाजूले हो."

पुढचे दोन महिने मी माहेरी गेले नाही. फोन व्हायचे, पण वीजबिल आणि भाचरांचा खोकला यापलीकडे कोणी बोलायचं नाही. नवरा म्हणाला, जेवायचं सोडून दे ना तिथं, भेटून येत जा. त्याचं म्हणणं शहाणपणाचं होतं, आणि मला शहाणपण नको होतं. आईच्या घरी मी जेवणारच आणि गव्हाचा कणही पोटात जाऊ देणार नाही, ह्या दोन्ही गोष्टी मला हव्या होत्या. आईचा हट्टीपणा माझ्यात उतरलाय, त्याला मी काय करू?

माझ्या पुढच्या तपासणीला मी आईला सोबत नेलं. "मले चक्कर येते, एकटी नाही जाऊ शकत," असं सांगितलं. हे धडधडीत खोटं होतं. ती लगेच निघाली, इस्त्रीचं लुगडं नेसून. डॉक्टरीणबाईंनी तिला आतड्याचं चित्र काढून दाखवलं आणि सांगितलं, कणभर गहूसुद्धा चालणार नाही.

आईनं विचारलं, "कणभर म्हणजे किती म्याडम? मोहरीएवढं काय?"

"त्याहून कमी, आजी. हाताला लागलेलं पीठ, ताटाला राहिलेलं पीठ, तेवढंसुद्धा."

ऑटोत आई बाहेर बघत बसली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "त्या पोरीले पिठातलं काय समजते? मी जिंदगीभर पिठात आहो." मला वाटलं, संपलं सगळं.

तीन दिवसांनी दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. ऑफिसच्या वेळेत ती कधी फोन करत नाही, म्हणून मी हातातली फाईल तशीच टाकून उचलला.

"ऐक," ती म्हणाली. "काल मी माहा काळा परकर सैपाकाच्या ओट्यावर हातरला होता. दार लावून घेतलं. बाहेरच्या खोलीत पीठ चाळलं, मळलं, रोजच्यासारखं. मधात कोणाले जाऊ नाही देल्लं. संध्याकाळी जाऊन परकरावर बोट फिरवलं."

"मंग?"

"रेघ उठली वं. दार लावून होतं तरी. भांड्यावर पडते, पाण्यावर पडत असन, मिठात पडत असन. एवढे वर्ष मले दिसलंच नाही. घरातलं सारं पांढरंच, दिसन कुठून?"

फोनवर मी हसत होते आणि डोळे पुसत होते. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, माझ्या आईनं प्रयोगशाळा काढली.

यानंतर आईनं जे केलं ते मला सुचलं नसतं. मी इतके दिवस घरात माझा एक कोपरा मागत होते. तिनं गहूच घराबाहेर काढला. पिठाची पोती, चाळणी, वस्त्रगाळ करायचं कापड, परात, पोळपाट-लाटणं सगळं शेडवर गेलं. शेडला मागून पत्रे ठोकून तिनं एक बंद खोली करून घेतली, मळायचं तिथंच. स्वयंपाकघर छतापासून धुतलं. डबे उन्हात पालथे घातले. माझ्या संचाच्या बुडावरचे ठिपके तिनं वीट घासून घासून काढून टाकले. भिशी उचलून घरघंटी आणली, कारण मी पीठ घरून घेऊन येईन म्हटलं तेव्हा ती कडाडली होती, "लेक माहेरी पीठ घेऊन येते काय? भीक लागली काय आमाले?"

मग सगळ्यांना बसवून तिनं सांगितलं, "या घरात आता गहू शिजणार नाही. कोणासाठीच नाही. एकाचं ताट वेगळं नाही राहणार. सगळ्यायचंच ताट एक."

भाऊ म्हणाला, "आई, पोट्ट्यायच्या डब्यात काय द्याचं मंग?"

"भाकर दे. थालीपीठ दे. इडली दे. ज्याले पोळी पायजे त्यानं शेडवर यावं, तिथं दोन हात लांब भेटते."

भाचरांना हे फारच पसंत पडलं. शाळेतून आले की दप्तरासकट शेडवर उभे राहतात, रोटी खातात, आई त्यांचे हात कोपरापर्यंत धुऊन घरी पाठवते. भावजयीला मात्र ते पटलेलं नाही, आणि तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. भाकरी थापून तिचे हात भाजतात. तिच्या माहेरचे आले की त्यांनाही पोळी मिळत नाही. एकदा मी तिला म्हणाले, "माझ्यामुळे तुला त्रास होतो, मला वाईट वाटतं." ती म्हणाली, "ताई, वाईट वाटून भाकर थापल्या जात नाही. येत जा, अन् थापू लागत जा." तेव्हापासून रविवारच्या भाकरी मी थापते. माझ्या कडा फाटतात. आई लांबून पाहते आणि तिच्या भुवया बोलतात.

पहिल्या रविवारी मी त्या धुतलेल्या स्वयंपाकघरात जेवायला बसले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कोणी बघत नाही असं दाखवत होते. सोमवारी सकाळी सहाला आईचा फोन. "पोट?" ठीक. मंगळवारी सहाला फोन. "पोट?" ठीक. चौथ्या रविवारपर्यंत माझं वजन दोन किलोंनी वाढलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय बदल केला? मी म्हणाले, मी नाही केला.

या डिसेंबरातली गोष्ट. रात्री जेवायला येते असं मी माहेरी कळवलं होतं, पण ऑफिस लवकर सुटलं म्हणून संध्याकाळीच पोचले. भावजय आत भाजी चिरत होती. "आई कुठाय?" विचारलं तर तिनं हनुवटीनं मागचं अंगण दाखवलं. आई नळाखाली बसली होती. नागपूरची डिसेंबरातली थंडी, वर वारा सुटलेला, आणि चौसष्ट वर्षांची बाई थंड पाण्याचे तांबे डोक्यावरून घेत होती. शेडवर नेसायचं लुगडं तिनं भिंतीबाहेरच्या खुंटीला टांगलं होतं. संध्याकाळचं पहिलं गिऱ्हाईक सांभाळून ती घरी येते, मला जेवायला वाढून पुन्हा शेडवर जाते, हे मला माहीत होतं. मधली ही आंघोळ मला माहीत नव्हती.

"आई, काय करतं? निमोनिया होईन!"

"तू आली काय? आत जाय. मी आत्ता शेडवरून आली. केसात पीठ राहते, पापण्यांत राहते."

"रोज करतं?"

"तू येतं त्या दिवशी. बाकी दिवशी हातपाय धुतो." तिनं केस पिळले. तिचे ओठ निळे पडले होते. मला काय वाटतंय ते तिला माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण ती थोडी चिडून म्हणाली, "असं काहून पाहून राहिली? तिथं संत्र्याच्या बागेत आमचा धक्का लागला तं मालकीण अशीच डोक्यावरून पाणी घ्याची. मी पाह्यलं आहे. म्हणून तुले सांगतो, हे तसं नाही. ते आमचं शिवलेलं धुवायले आंघोळ करत. मी तुले शिवता यावं म्हणून करून राहिली."

मी तिला टॉवेल दिला. ती कोरडी होऊन, धुतलेलं लुगडं नेसून आत आली, मला वाढून माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि माझ्याच ताटातली भाकर मोडून तिनं पहिला घास माझ्या तोंडात घातला. तिचा हात अजून गार होता.